उतरलेली किंमत

आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घ्यायचीच वेळ आली तर उखाण्यात घेत. माझं एका गाडीच्या बाबतीत तसं झालं आहे. तीन वर्षं ती माझ्या दारात होती. तिच्यापायी मी काय काय सोसलं हे सगळ्या उद्यमबागेला ठाऊक आहे, पण तिचं नाव काही मी इथे लिहिणार नाही. जर्मन होती, काळी होती, सहा सिलिंडरची आणि टर्बो लावलेली होती एवढं पुरे. बाकी ज्यांच्या नशिबात ती आली असेल, ते खुणेनं ओळखतील.

हा नाद मला १९९५ साली लागला. त्या वर्षी मर्सिडीज-बेन्झनं पुण्यात गाड्या बांधायला सुरुवात केली. त्यातली एक पांढरी गाडी घेऊन पुण्याचा एक गिऱ्हाईक आमच्या शेडवर आला. शेड म्हणजे वडिलांनी मांडलेली दोन लेथ मशीन, एक ड्रिल आणि एक ग्राइंडर. मी सत्ताविशीत होतो, हाताला कटिंग ऑइलचा वास होता. साहेब आत हिशोब करत बसले आणि मी बाहेर येऊन गाडीचं दार एकदा उघडून लावलं. आमच्या ॲम्बॅसॅडरचं दार लावलं की शेजाऱ्यांना कळायचं. हे दार मात्र एखाद्या जाडजूड वहीचं पान मिटावं तसं मिटलं. तो आवाज सत्तावीस वर्षं कानात राहिला.

२०२२च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, पुण्यातल्या एका दलालाकडे तसं दार मला पुन्हा सापडलं. २०१३ची गाडी. नवी असताना साठ लाखांच्या आसपास, आता तेरा लाख. मुलगी लग्न होऊन गेलेली, कर्ज फिटलेलं, शेडची चार लेथ आणि दोन सीएनसी झालेली. तेरा लाखांत एखादी नवी साधी गाडी येते. मग साठ लाखांची का घेऊ नये? हा प्रश्न मी स्वतःला विचारला, उत्तरही मीच दिलं आणि बायकोला फक्त निकाल कळवला.

धंद्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसानं एवढा साधा हिशोब चुकावा याचं मला अजून नवल वाटतं. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. गाडी तेरा लाखांची झाली म्हणून तिचा ब्रेक काही तेरा लाखांच्या गाडीचा होत नाही. तो साठ लाखांच्या गाडीचाच राहतो आणि दरवर्षी थोडा महागही होतो. पहिला मालक वॉरंटी संपता संपता गाडी विकतो तो उगाच नाही. बाजार मूर्ख नसतो. पुढची सगळी दुरुस्ती आधीच वजा करून त्यानं ते तेरा लाख ठरवलेले असतात. म्हणजे मी गाडी स्वस्तात घेतली नव्हती, गाडीबरोबर तिची उधारी घेतली होती.

वडिलांची शिकवण म्हणून प्रत्येक मशीनला आमच्याकडे एक वही असते. गाडीलाही घातली. पहिलं पान सर्व्हिसचं : तेल, फिल्टर, प्लग मिळून अडतीस हजार. दुसरं टायरचं. एकोणीस इंची चाकं, टायरची भिंत बोटभर उंचीची. बेळगावच्या खड्ड्यात ती गाडी उतरली की टायरच्या आधी आपल्याच पोटात कळ यायची. चार टायरचे शहाण्णव हजार. तिसरं पान बॅटरीचं. जुनी काढून नवी ठेवली की झालं, असं त्या गाडीत नसतं. नवी बॅटरी आल्याची वर्दी संगणक जोडून गाडीला द्यावी लागते, नाहीतर ती जुन्या बॅटरीच्या हिशोबानं नवीला चार्ज करत राहते. बॅटरी आणि वर्दी मिळून एकोणतीस हजार.

मध्येच सीमाप्रश्नही या वहीत येऊन गेला. ६ डिसेंबर २०२२ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांवर दगडफेक झाली. माझ्या गाडीची पाटी पुण्याची. आयुष्यभर मराठीत बोललो, मराठीत मतं मांडली, पण त्या दोन आठवड्यांत गाडी शेडच्या मागे ताडपत्रीखाली लपवून ठेवली. मग मुकाट्यानं ना-हरकत पत्र आणून पासिंग केए २२ करून घेतलं. कर्नाटकाचा आजीव कर गाडीच्या मूळ किमतीवरून निघतो आणि वयापोटी सूट मिळते. ती सूट वजा जाऊन मी किती भरले हे घरी अजून सांगितलेलं नाही, म्हणून इथेही सांगत नाही.

असं सगळं असूनही ती गाडी चालवायला लागलो की राग राहत नसे. जांबोटीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की पायाखाली जे काही उसळायचं, त्याला मराठीत शब्द नाही. कानडीत असला तर आमच्या टर्नरमामांना विचारायला हवा.

टर्नरमामा म्हणजे आमच्या शेडचा कणा. वडिलांच्या हाताखाली आले तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. मायक्रोमीटर न लावता नुसत्या नखानं जॉब मापणारा माणूस. पगार चोवीस हजार. उद्यमबागेच्या मानानं कमी नाही, असं मी म्हणत असे. २०२३च्या जुलैत एका सोमवारी ते केबिनच्या दारात उभे राहिले. मुलगी बारावी झाली होती, बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळत होता. फी, हॉस्टेल धरून दीड लाख.

"उचल पाहिजे होती, मालक. पगारातनं कापून घ्या की."

मी वर न बघता म्हणालो, "बघू. ऑर्डरचं पेमेंट येऊ दे."

पेमेंट अडकलेलं होतं हे खरं होतं. बँकेत पैसे होते हेही खरं होतं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी गोव्याला एका गिऱ्हाइकाकडे निघालो. पावसाची झड लागलेली. कणकुंबी मागे टाकली, चोर्ल्याचा उतार सुरू झाला आणि समोरच्या पट्टीवर लाल अक्षरं आली : थांबा, गाडी फार खाली आहे. उतरून बघतो तर डावी बाजू म्हशीनं चिखलात बसावं तशी बसलेली. मडगार्ड टायरवर टेकलं होतं.

अशा गाड्यांना पोलादी स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे असतात. जाड रबराची पिशवी, तिच्यात कॉम्प्रेसर हवा भरतो आणि गाडी त्या हवेवर तरंगते. १९९८ साली आलेल्या मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ही सोय सरसकट दिली गेली आणि मग बड्या गाड्यांची ती शान होऊन बसली. पण रबर ते रबर. आठ-दहा वर्षांत घड्यांवर बारीक भेगा पडतात. आधी रात्रभरात थोडी हवा जाते. सकाळी गाडी जरा झुकलेली दिसते आणि चालू केली की उठते. आपण समाधान मानतो. प्रत्यक्षात ती गळती भरून काढायला कॉम्प्रेसर दिवसभर राबत असतो आणि एक दिवस तोही जळतो. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा संध्याकाळी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेप लावा आणि सकाळी गाडी चालू करण्याआधी पुन्हा लावा. फुग्यावर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले तर निम्मी किंमत सांगा. हे शहाणपण मला चोर्ल्याच्या पावसात, छत्रीशिवाय सुचलं.

गाडी टायरवर टेकली की ओढून नेता येत नाही, फ्लॅटबेडवर चढवावी लागते. ती साखळीहून आली, पाच तासांनी. घाटाखालच्या वर्कशॉपमध्ये काचेच्या खोलीत बसवून मला कॉफी दिली आणि कागद दिला. नुसतं रबर मिळत नाही, अख्खा खांब बदलावा लागतो. मजुरीसह एक लाख पासष्ट हजार. दोन्ही बाजू एकदम बदललेल्या बऱ्या, असंही नम्रपणे सुचवलं. मी एकच बदलली. फोनवरून पैसे पाठवायला अर्धं मिनिट लागलं.

जुना खांब मी डिकीत घालून आणला. आपण मशीनवाले, आत काय आहे ते बघायला नको? सोमवारी तो टर्नरमामांच्या टेबलावर ठेवला.

"खालच्या डँपरला हात लावू नका," मी म्हणालो, "त्यात दाबाचा गॅस असतो. नुसतं रबर कापून बघा."

त्यांनी वरची दाबलेली कडी हॅकसॉनं कापली आणि पिशवी मोकळी केली. एक रबरी नळकांडं, दोन कड्या, एक ओ-रिंग, वर ॲल्युमिनियमची टोपी. घडीवर नखाएवढी भेग. मामांनी ती अंगठ्यानं ताणून बघितली.

"ह्येला किती घेतलं ओ?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं.

"मालक, ह्येच्यात दीड लाखाचं काय हाय?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. एका कारागिरानं दुसऱ्या कारागिराला विचारलेला तो सरळ प्रश्न होता. पण तो आकडा हवेत आला आणि आम्हा दोघांनाही एकाच वेळी आठवण झाली. मामांनी रबर खाली ठेवलं, पुसणं घेऊन हात पुसले आणि मशीनकडे गेले. आठ दिवसांपूर्वी त्यांनी मागितलेली रक्कम तेवढीच होती.

त्या संध्याकाळी मी चेक लिहून त्यांना बोलावलं. ते दारातच उभे राहिले. "नको मालक. घरच्या पाटल्या ठेवल्या बँकेत. ॲडमिशन झाली." आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर वही लिहिताना प्रत्येक आकड्यापुढे माझ्या मनात दुसरा आकडा उमटायचा. महिन्याभरात कॉम्प्रेसर गेला. जाणारच होता. अठ्ठेचाळीस हजार, म्हणजे दोन पगार. पुढचे ब्रेक, डिस्कसकट बहात्तर हजार. तीन पगार. गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभराचं' म्हणतात, पण ते आयुष्य कोणाचं हे कोणी सांगत नाही. असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला म्हणते. आमचं एकदाही बदललेलं नव्हतं. पंचावन्न हजार. इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्यानं ते व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला लागत नाही, तिथे काजळी साचते. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारतात. बदामाचा शिरा खाणारी गाडी मी ऐकून होतो, अक्रोड खाणारी दारात आली. तीस हजार.

रात्री झोप येईना म्हणून जगभरच्या अशा गाड्यांच्या कहाण्या वाचू लागलो. बीएमडब्ल्यूची २००५ची एम-फाइव्ह घ्या. दहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला आठ हजारांवर फिरायचं, अक्षरशः शर्यतीच्या गाडीसारखं. आणि तिच्याच कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं अकाली झिजायची. ऑडीच्या आरएस-सिक्सचे एकमेकांना तेलाच्या नळ्यांनी जोडलेले डँपर वळणावर गाडी झुकू देत नसत आणि पुढे तेच गळू लागत. जिथे गाडीचा पराक्रम असतो, नेमका तिथेच तिचा खर्च असतो. यात लबाडी नाही. माप इतकं घट्ट धरलेलं असतं की झिजायला जागाच उरत नाही. आमच्याही धंद्यात हेच आहे. दहा मायक्रॉनचा जॉब शंभर मायक्रॉनच्या जॉबापेक्षा आधी बाद होतो.

२०२४च्या एप्रिलात इंजिनानं पाणी टाकलं. बॉनेट उघडलं तर मागच्या बाजूला, भिंतीला लागून, पाण्याच्या नळ्यांचा एक प्लॅस्टिकचा जोड. काचेचे तंतू घातलेलं नायलॉन असतं ते. आजकालची इंजिनं पाण्याचं तापमान शंभराच्या वर धरून चालवतात, पेट्रोल वाचावं म्हणून. दहा वर्षं त्या उष्णतेत तापून-निवून हे नायलॉन बिस्किटासारखं ठिसूळ होतं. तसंच चालवत राहिलं तर इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि मग गाडी भंगारात घालणं स्वस्त पडतं. नशिबानं मी लगेच बंद केली. उद्यमबागेतल्या मेकॅनिकनं टाकी, थर्मोस्टॅट, पंप, नळ्या बदलायला काढल्या. एकेचाळीस हजार. तो जोड मात्र सुटा येत नव्हता, परदेशातून सगळा संच मागवायचा, सहा आठवडे.

मेकॅनिकनं तुकडे पिशवीत घालून दिले. मी ते केबिनमध्ये ठेवले आणि कोणालाच काही बोललो नाही. कोणत्या तोंडानं बोलणार? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बघतो तर टर्नरमामा तुकडे जुळवून व्हर्नियर लावत बसलेले.

"ॲल्युमिनियममध्ये करूया की. हे कशाला पायजे प्लॅस्टिक?"

गोल बार घेतला. बाहेरचा व्यास, आतलं भोक, मग ओ-रिंगची खाच. सगळा जीव त्या खाचेत. खोल गेली तर रबर दाबलं जात नाही आणि पाणी गळतं, उथळ राहिली तर बसवतानाच रबर कापलं जातं. मामांनी तीन वेळा बार बाद केला. चौथा माझ्या हातात ठेवला तेव्हा तो कोमट होता. बसवला. तासभर इंजिन चालू ठेवलं, कोरडा कागद खाली धरला. कागद कोरडा राहिला.

"किती द्यायचे, मामा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"शेडच्या टायमात केलंय की, मालक. पगार मिळालाय."

वहीत त्या दिवशी मी लिहिलं : जोड, एक नग. रकमेच्या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नाही. तो रकाना कोराच आहे.

उजव्या बाजूचा फुगाही पुढे फाटला. या वेळी पुण्याला एकाकडून जुन्याच खांबावर नवं रबर चढवून घेतलं, पंचेचाळीस हजारांत. ते उत्तम चाललं. चोर्ल्याच्या दिवशी हे ठाऊक असतं तर, असं मनात आलं. पण खरं तर त्या दिवशी वेगळंच ठाऊक असायला हवं होतं.

२०२५च्या दसऱ्याला मी गाडी विकायला काढली. त्याआधी दहाच दिवस, २२ सप्टेंबरला, सरकारनं गाड्यांच्या सुट्या भागांवरचा २८ टक्के जीएसटी १८वर आणला होता. माझी बिलं सगळी आधीची. वहीची बेरीज मारली : सहा लाख एकोणीस हजार. यात पेट्रोल नाही, विमा नाही आणि तो न सांगितलेला कर नाही. तीन वर्षांत गाडी अठ्ठावीस हजार किलोमीटर चालली होती. भागाकार मी मुद्दाम केला नाही.

कोल्हापूरचा एक तरुण बघायला आला. त्यानं दार उघडून लावलं आणि त्याचा चेहरा बघून मला १९९५ आठवलं. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि वही पुढे ठेवली.

"आधी हे वाच. मग किंमत बोलू."

त्यानं सगळं वाचलं. मी त्याला सांगितलं ते वाचकांनाही सांगतो. अशी गाडी घ्यायची तर घेताना जेवढे मोजाल त्याच्या निम्मे बाजूला ठेवा आणि ते आपले नाहीतच असं समजा. ते बाजूला काढायचे नसतील तर रस्त्यावरून जाताना तिच्याकडे बघा आणि पुढे जा, बघायला पैसे पडत नाहीत. आणि बाजूला काढताना ते कोणाच्या वाट्याचे आहेत तेही एकदा बघा. हे शेवटचं वाक्य त्याला कळलं नसावं.

सात लाख पंचवीस हजारांना सौदा झाला. तो निघाला तेव्हा टर्नरमामा ॲप्रनला हात पुसत बाहेर आले आणि खिडकीशी वाकून म्हणाले, "इंजिनाच्या मागं ॲल्युमिनियमचा तुकडा हाय बघा. कोण मेकॅनिक ओरिजिनल नव्हं म्हणून काढाय लागला तर काढू देऊ नका."

गाडी तिसऱ्या रेल्वे गेटाकडे वळून दिसेनाशी झाली. मामा तिथेच उभे होते. त्यांच्या मुलीचं तिसरं वर्ष सुरू झालं होतं, फी भरायची मुदत जवळ आली होती. एवढं मला आता विचारल्याशिवाय ठाऊक असतं. पाटल्या अजून बँकेतच होत्या, हेही.

"मामा, या वर्षीची फी शेडकडून."

ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "द्या. पर उचल म्हणून लिवा, मालक. मदत म्हणून नको."

गाडीच्या वहीत पुष्कळ पानं उरली होती. पुढच्या पानावर मी तारीख घातली, रक्कम घातली आणि ते म्हणाले तसंच लिहिलं. मामांनी खाली सही केली. ते अक्षर मी तीस वर्षं जॉब कार्डावर बघत आलो होतो, पण इतक्या जवळून वाचलं नव्हतं.